चांद्याचा तट आणि पासाऊच्या रेघा



गाळप आटोपले की चैत्रात आपल्या भागातली बरीच माणसे चांद्याच्या महाकालीला जातात. कागदोपत्री ते आता चंद्रपूर झाले, पण म्हातारी माणसे अजून चांदाच म्हणतात. यंदा आमच्या गटातल्या सात-आठ सभासदांबरोबर मीही गेलो. मात्र या वेळी नुसते दर्शन घेऊन परतलो नाही. दीड दिवस ते गाव पायी हिंडून पाहिले. त्याला एक कारण घडले, ते आधी सांगतो.

आपल्या एका सभासदाचा मुलगा जर्मनीत शिकायला आहे. सुट्टीत तो तिकडचे पासाऊ नावाचे शहर पाहायला गेला आणि त्याने वडिलांना फोटो पाठवले. वडील गट कार्यालयात येऊन म्हणाले, "साहेब, ही बघा तऱ्हा! पोरगं एवढ्या लांब गेलं अन् भिंतीचा फोटू पाठवलाय. देऊळ नाही, राजवाडा नाही, नुसत्या रेघा!"

फोटो पाहिला आणि मी खुर्चीत नीट बसलो. पासाऊ हे डॅन्यूब, इन् आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरचे गाव, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला लागून. तिथल्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या भिंतीवर मोठ्या पुरांच्या खुणा केल्या आहेत. पाणी कुठवर चढले तिथे रेघ आणि तिच्याशी साल. १५०१ ची खूण आहे, १९५४ ची आहे आणि जून २०१३ ची आहे. २०१३ साली तिथे डॅन्यूबचे पाणी १२.८९ मीटरवर गेले होते. १५०१ नंतर एवढा पूर त्या गावाने पाहिला नव्हता. आता जगभरचे प्रवासी या भिंतीपाशी उभे राहून फोटो काढतात. गावाने आपले संकट लपवले नाही, भर चौकात लिहून ठेवले.

मी त्यांना म्हटले, "दादा, आपल्याला जर्मनी कुठली परवडायला! पण नदीच्या संगमावरचे गाव आपल्यालाही आहे. चैत्रात चांद्याला चला, तिथे देवीही पाहू आणि नदीही पाहू."

हदगाव सोडून उमरखेडकडे निघाले की पैनगंगा ओलांडावी लागते. हीच पैनगंगा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते. चंद्रपूरची इरई नदीही वर्धेलाच मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की तिला प्राणहिता म्हणतात. ती गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने वाहत जाऊन सिरोंच्यापाशी गोदावरीत उतरते. म्हणजे आपल्या शिवारातून पैनगंगेने वाहून गेलेले पाणी आणि माती चांद्याच्या पाण्यात मिसळून शेवटी पुन्हा गोदामाईलाच भेटते. नकाशावर हे दाखवले तेव्हा गाडीतली मंडळी गप्पच झाली.

चंद्रपूर हे इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या संगमापाशी वसलेले गाव. गोंड राजांची ही राजधानी. परंपरा अशी सांगतात की, बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या. झरपटीच्या पात्रातल्या एका कुंडाच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. तिथे आज अंचलेश्वराचे देऊळ आहे. पुढे शिकारीला निघाला असता राजाला ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. राणी म्हणाली, ही जागा शूरांची आहे, येथे शहर वसवा. तो ससा ज्या मार्गाने धावला त्या मार्गाने तटाची आखणी झाली, असे सांगतात. गोष्ट कशीही असो, तट आजही उभा आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे आणि त्यांच्या जोडीला पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह कोरलेला आहे, तो गोंड राजांची खूण म्हणून ओळखला जातो.

१७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले आणि १८१८ साली इंग्रजांनी तोफा लावून हा किल्ला जिंकला. पुढे बरीच वर्षे तटावर झाडे-झुडपे माजली. २०१७ पासून 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी श्रमदान करून तो साफ करायला घेतला आणि शेकडो दिवस ते काम चालवले. आज तटावरून चालता येते ते त्यांच्या कष्टामुळे.

उन्हाळ्यात तिथले ऊन ४५ अंशांच्या वर जाते, म्हणून पाहायचे ते सकाळी नऊच्या आत पाहावे. आधी महाकाली, मग शेजारी अंचलेश्वर आणि त्याला लागूनच गोंड राजांच्या समाध्या. राजा बिरशहाची मोठी समाधी त्याच्या राणीने, हिराईने बांधली. जुन्या तुरुंगात एक पिंपळ आहे. तिथे २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिले. वेळ उरला तर दुसऱ्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याला जावे. दगडात कोरलेली ती जुनी देवळे वैनगंगेच्या काठी आहेत आणि तिथे नदी उत्तरेकडे वळते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या गोसेखुर्द धरणातून मोठा विसर्ग झाला तेव्हा याच वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार उडवला होता.

पण मला सांगायचे आहे ते पठाणपुरा दरवाजाचे. दरवाजाच्या आत जुने गाव, बाहेर सखल जमीन आणि पलीकडे नदी. तिथे एका चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. टपरीवाल्या बाबांना मी विचारले, "बाबाजी, पाणी येते का इथवर?"

"येते ना भाऊ! दोन हजार बावीसले घरात पाणी होतं आमच्या. भांडी तरंगत होती."

"मग घर तिथे का बांधले?"

बाबा हसले. "जागा सस्ती होती. नदी काय रोज येते का?"

जुलै २०२२ चा तो पूर कसा आला तेही समजून घेण्यासारखे आहे. इरईवर वरच्या बाजूला धरण आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला आणि शहराला त्यातून पाणी मिळते. अतिवृष्टीत धरण भरले की दरवाजे उघडावेच लागतात. त्याच वेळी खाली वर्धा नदी दुथडी भरलेली असते, ती इरईचे पाणी पोटात घेत नाही. मग इरई मागे फुगते आणि काठच्या सखल वस्त्यांत शिरते. त्यात खाणीच्या मातीचे ढीग काठाला, पात्रात गाळ आणि झुडपे. झरपटीची तर दशाच आहे. यात्रेकरू जिच्यात भक्तिभावाने उतरतात तिच्यात चैत्रात धार थोडी आणि सांडपाणी व जलपर्णी जास्त. नदीने वाहायचे तरी कुठून?

तटावरून परतताना ते जर्मनीवाल्या मुलाचे वडील मला म्हणाले, "साहेब, राजानं तट घातला तो नदीपासून हात राखून. आपण मात्र नदीच्या मांडीवर जाऊन बसलो."

हे बोलणे मला लागले, कारण त्यात माझाही वाटा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या नद्यांनी काय केले ते तुम्हाला मी सांगायला नको. उभा ऊस आडवा झाला, मोटारी वाहिल्या, जमिनी खरवडून गेल्या. त्या पुरात गेलेल्या काही प्लॉटांच्या लागण नोंदी माझ्या सहीच्या आहेत. ओढ्याच्या पोटात, पूर्वी जिथे गावची गुरे पाण्यावर उतरायची अशा जागेत केलेली लागण मी डोळ्यांनी पाहिली होती. क्षेत्र वाढवायचे होते म्हणून मी काही बोललो नाही. सभासदाने बांध फोडून ओढा अरुंद केला आणि मी त्याला बियाणे कुठले घ्यावे ते सांगितले. ओढ्याने आपली जागा परत घेतली. नुकसान मात्र एकट्या त्याचे झाले नाही. वरच्या बाजूच्या चार शेतकऱ्यांच्या उसात पाणी तुंबले, तेही गेले.

म्हणून यंदाच्या लागणीच्या आधी माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, २०२५ चे पाणी गावात आणि शिवारात जिथवर आले तिथे खूण करा. देवळाची भिंत, शाळा, विजेचा खांब, विहिरीचे बांधकाम, जे पक्के असेल त्यावर तेलरंगाने रेघ मारा आणि साल घाला. जुन्या माणसांना आधीचे पूर आठवत असतील तर त्याही रेघा मारा. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. पण त्या नकाशात असतात. आपली रेघ डोळ्यासमोर असावी.

दुसरी, ओढ्या-नाल्याचे पोट मोकळे सोडा. काठाला बांबू, वाळा लावा. काठची माती धरून ठेवायला त्यांची मुळे कामी येतात.

तिसरी, सखल रानात लागण करायचीच असेल तर निचऱ्याची चारी आधी काढा. आडसाली ऊस पावसाळ्यात उंच झालेला असतो, शेंडा पाण्यावर राहिला तर तो तगून जातो. उशिरा लावलेला ठेंगणा ऊस पोंग्यासकट बुडतो आणि पोंगा कुजतो.

चौथी, पूर येऊन गेल्यास आधी पाणी बाहेर काढा. वाफसा आल्यावर नत्र-पालाशाचा हप्ता द्या. कांड्यांवर मुळ्या आणि पांगशा फुटल्या की साखर उतरते, असा ऊस लवकर तोडीला द्या. त्यातले बेणे मात्र धरू नका.

माझ्या बाजूने मी एवढे कबूल करतो की यापुढे माझ्या गटात ओढ्याच्या पोटातल्या लागणीची नोंद करण्याआधी मी सभासदाला बांधावर उभे करून पाण्याची रेघ दाखवीन. त्याला राग आला तरी चालेल.

आमच्या गटातल्या एका गावाने सुरुवात केली आहे. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर २०२५ ची रेघ मारली गेली. रंगाचा डबा आणला तो त्या जर्मनीवाल्या मुलाच्या वडिलांनी. रेघ मारून झाल्यावर त्यांनी तिचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला. उलट त्याने विचारले, "बाबा, आपले शेत रेघेच्या वर की खाली?"

सभासद बंधूंनो, हाच प्रश्न आपण प्रत्येकाने लागणीआधी स्वतःला विचारावा. चांद्याला जाल तेव्हा देवीला नारळ फोडाच, पण परत फिरण्याआधी पठाणपुरा दरवाजात पाच मिनिटे थांबून नदीकडे पाहा.

— ऊस विकास अधिकारी