स्टार्च, रूपांतरित : सौंदर्यप्रसाधनांतील उपयोग व सुरक्षितता

वनस्पतिज स्टार्चावर भौतिक, रासायनिक वा एंझाइमी प्रक्रिया करून त्याच्या गुणधर्मांत इष्ट बदल केले असता मिळणाऱ्या पदार्थांना रूपांतरित स्टार्च म्हणतात. यासाठी मुख्यतः मका, तांदूळ, बटाटा व टॅपिओका यांचे स्टार्च वापरतात.

मूळ स्टार्च ओलावा शोषून घेतो. परंतु त्यामुळे त्याच्या गुठळ्या होतात आणि पाण्यात तापविल्यास कणिका फुगून खळ बनते. हे दोष घालविण्यासाठी त्याच्या रेणूंतील हायड्रॉक्सिल गटांशी विक्रिया घडवितात. शेजारच्या साखळ्या फॉस्फेटाच्या आडव्या बंधांनी जोडल्यास कणिकांचे फुगणे कमी होते. ऑक्टेनिल सक्सिनिक ॲनहायड्राइडाची विक्रिया केल्यास स्टार्चाला तेलाविषयी आकर्षण येते. या पद्धतीचे एकस्व कॉल्डवेल व वुर्झबर्ग यांना अमेरिकेत १९५३ मध्ये मिळाले.

उपयोग : वरील स्टार्चाचे ॲल्युमिनियम लवण पाण्याने सहसा भिजत नाही, तेल शोषते व त्वचेवर सहज पसरते. त्यामुळे तोंडाला लावावयाच्या पावडरींत व क्रीममध्ये तेलकटपणा कमी करण्यासाठी ते घालतात. हायड्रॉक्सिप्रोपिल स्टार्च फॉस्फेटामुळे पायसे दाट व स्थिर होतात. काही पावडरींत संगजिऱ्याऐवजी स्टार्च वापरतात.

सुरक्षितता : स्टार्चाचे रेणू मोठे असल्याने ते निरोगी त्वचेतून शरीरात सहसा शिरत नाहीत. म्हणून उरलेले विक्रियाकारक, जड धातू व सूक्ष्मजंतू यांच्या प्रमाणावर नियंत्रण ठेवणे महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील तज्ञमंडळाने वरील ॲल्युमिनियम लवण सुरक्षित ठरविताना जड धातूंच्या मर्यादा पाळण्याची अट घातली.

त्वचेवर निर्धोक असलेला पदार्थ शरीरात अन्यत्र निर्धोक असतोच असे नाही. शस्त्रवैद्यांच्या रबरी हातमोज्यांना लावलेल्या संगजिऱ्यामुळे जखमेत गाठी होत, म्हणून १९४० नंतरच्या दशकात त्याच्या जागी आडव्या बंधांनी जोडलेला मक्याचा स्टार्च आला. तो शरीरात शोषला जातो, अशी अपेक्षा होती. परंतु त्यानेही उदरपोकळीत दाह होणे व आतडी परस्परांना चिकटणे असे प्रकार आढळले. शिवाय रबरातील प्रथिने त्याच्या धुळीबरोबर हवेत पसरून काहींना ॲलर्जी होई. अखेर अमेरिकेने पावडरयुक्त वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी घातली. ती जानेवारी २०१७ पासून अंमलात आली.

यावरून, स्टार्च नैसर्गिक आहे की रूपांतरित, एवढ्यावरून त्याची सुरक्षितता ठरत नाही. शुद्धता, कणांचा आकार व वापराची जागा यांवर ती अवलंबून असते. कोणतीही बारीक पावडर श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकते. म्हणून ती तान्ह्या मुलांच्या तोंडाजवळ उधळू नये, तसेच उघड्या जखमेवर लावू नये.