स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचा समुद्र

झिरो माइलचे चार घोडे नागपूरकराला पाठ असतात. तिथली खरी गोष्ट मात्र समुद्राची आहे. तिथल्या लहानशा दगडावर १९०७ साल कोरलेलं आहे आणि या जागेची उंची नोंदवली आहे १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! कुठपासून मोजली? समुद्रसपाटीपासून. पण समुद्र तर एका पातळीवर क्षणभरही थांबत नाही. म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरच्या बंदरांत पाण्याच्या चढउताराची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, तिची सरासरी काढली आणि ती पातळी टप्प्याटप्प्यानं मोजत देशाच्या पोटात आणली.

तो समुद्र प्रत्यक्ष पाहायचा तर नागपुरात आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: कोणता? सुट्या लागल्या की बोट आपोआप पश्चिमेकडे जातं. अलिबाग, गुहागर, तारकर्ली. पण नकाशावर सरळ दोरा ताणून पाहा. मुंबई सुमारे ६९० किलोमीटर भरते आणि आंध्रातलं काकीनाडा सुमारे ५७०. म्हणजे पूर्वेचा समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर जवळ! आपल्या पाण्याला हे आधीपासून ठाऊक आहे. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळालं ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागरात जाते. सीताबर्डीवर पडलेला पाऊस कोकण कधीच बघत नाही. माणसाला मात्र पूर्वेची वाट गडचिरोली-बस्तरचं जंगल आणि पूर्व घाट वळसे घालत ओलांडायला लावते, त्यामुळे प्रवासाचा हिशेब जवळपास फिटतो.

मग निवडायचं कशावरून? हॉटेलं दोन्हीकडे आहेत. फरक आहे पाण्याच्या वागण्यात.

विशाखापट्टणमला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालासुद्धा भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत जेमतेम दीड मीटरचं अंतर पडतं. मुंबई-अलिबागला तेच अंतर साडेचार-पाच मीटरांपर्यंत जातं, दीड मजल्याइतकं. चंद्र एकच, सूर्य एकच. फरक आहे तळाचा. विशाखापट्टणमसमोर उथळ तळाचा पट्टा अरुंद आहे, समुद्र लवकर खोल होतो. मुंबईसमोर तोच पट्टा शेकडो किलोमीटर पसरला आहे. खोल समुद्रातून येणारी भरतीची लाट या उथळ पायरीवर चढते, मंदावते आणि फुगते. पुढे खंभातच्या आखातात ती निमुळत्या गल्लीत सापडते आणि भावनगरजवळ दहा मीटरांवर जाते. आणि गोव्याकडे उतरलात तर हा खेळ दोन मीटरांवर येतो.

विशाखापट्टणमला मुलांनी समुद्रातून उगवणारा सूर्य पाहावा, किनाऱ्यावर ठेवलेल्या कुरसुरा पाणबुडीच्या पोटात शिरावं. पाण्यात मात्र जपून. तिथल्या लाटा जोरकस आणि ओढ मोठी. मासे खाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत बंद असते, तर कोकणातली बंदी १ जूनपासून सुरू होते. मेच्या सुट्टीतलं ताजं पापलेट हवं असेल तर पश्चिमेलाच जा.

लहान मुलं असतील तर मी अलिबागकडे झुकते, ते ओहोटीसाठी. पाणी मागे सरतं आणि जिथे बोट चालत होती तिथून आपण पायी कुलाबा किल्ल्यात जातो. शिवाजी महाराजांच्या काळातला हा किल्ला, चहूबाजूंनी खारट पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर!

ती वाट कधी उघडेल हे नागपुरात, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कळतं, याचं मला अजून नवल वाटतं. किनाऱ्यावरची जुनी रीत साधी आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा, म्हणजे दुपार आणि मध्यरात्रीच्या जवळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, रीत तीच. हे जमतं कसं? चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून पृथ्वीला त्याच्यासमोर यायला सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. काही मिनिटं इकडेतिकडे, पण घड्याळाशिवाय हे ज्यांनी ताडलं त्यांना मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

आता किल्ल्यासाठी दिवस काढू. पौर्णिमेला ओहोटी भल्या सकाळी आणि संध्याकाळी येते. ओल्या वाळूवरच्या सूर्यास्ताला छान, किल्ल्याला अडचणीची. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण पाणी फारसं हटत नाही. मधली तृतीया ते पंचमी बघा. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणून ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास; पंचमीला पावणेदहाच्या आसपास. ऊन चढायच्या आत, आणि उधाणाचा जोर अजून उरलेला, त्यामुळे पाणी चांगलं मागे जातं.

तेव्हा आधी तिथी, मग तिकीट. तिथे पोचल्यावर नेमकी वेळ घोडागाडीवाल्यांना विचाराच, आणि तृतीयेला गेलात तर साडेनऊच्या आत मुलांना घेऊन किल्ल्यातून निघा. पाणी परत येताना आधी वाळूतल्या खोलगट जागा भरतात, तुमच्या मागच्या बाजूनं.