उतरलेला सदरा

न्यूनगंडाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. तो अंगावर कसा चढतो, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. माझ्या बाबतीत तो कपड्याच्या वाटेने आला.

वाशीम जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला. माझे बालपण त्याच्या पुष्कळ आधीचे, मंगरूळपीर तालुक्यातले. मुलूख कापसाचा. कारंज्याचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला जाई. माय दिवसभर कापूस वेची आणि माझ्या चड्डीला मागे दोन भोके होती. गणिताचे उत्तर येत असूनही मी उठलो नाही; फळ्याकडे गेले की वर्गाकडे पाठ होते. गुरुजींनी मला ‘ढ’ ठरवले. पुढे मीही ते मानले.

पण फाटक्याची लाज वेगळी, उतरलेल्याची वेगळी. माय ज्यांच्या वावरात राबे, त्यांनी एकदा मजुरीच्या जोडीला जुना सदरा दिला. धड होता, बटणेही शाबूत. वर्गात त्यांचा मुलगा म्हणाला, “हा माहा सदरा हाय.” पोरे हसली. फाटक्या चड्डीत मी गरीब होतो. त्या धड सदऱ्यात महार झालो. मनुस्मृतीने चांडाळाला प्रेताची वस्त्रे नेमून दिली; गावगाड्याने महारकीच्या हक्कांत मढ्यावरचे कापड घातले. दुसऱ्याचे उतरलेले नेसणे ही आपल्यापुरती नुसती टंचाई नव्हती, नेमणूक होती.

1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांशी लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी बोलले, ते यासाठीच. 14 ऑक्टोबर 1956 ला लोक पांढरी वस्त्रे नेसून नागपूरला गेले. आमची आजी त्यांत होती. लुगडे उसनवारीच्या पैशाचे, पण नवे होते. पुढे ते तिने कुणालाच, मायलाही, नेसू दिले नाही. तो हट्ट मला फार उशिरा कळला.

मी शिक्षक झालो. शासनाचा मोफत गणवेश कित्येक वर्षे मुलींना, आणि मुलग्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच मिळे. उरलेल्या मुलग्यांना तो 2023 पासून मिळू लागला. कापड नवे, पण नावे पुकारली की वर्गाचे दोन भाग होत. सवलत नको, असे मी म्हणत नाही. यादी वर्गात वाचू नये, एवढे तरी शिक्षकाच्या हातात होते. मी वाचत नसे. टेबलाच्या खणात सुई-दोरा ठेवी. पहिल्यांदा तो मागायला आला, तो एका सवर्ण अल्पभूधारकाचा मुलगा होता. पाठ भिंतीला लावूनच त्याने तो मागितला.