लाकडाचा मासा

लाकडातून मासा कोरणे हा दिवाणखान्याच्या शोभेचा विषय, असे वरकरणी वाटेल. पण चीन-जपानमधील बौद्ध विहारांत हा मासा शेकडो वर्षे कामावर आहे. माशाला पापण्या नसतात, तो डोळे मिटत नाही. साधकानेही तसेच जागे राहावे, एवढाच त्याचा अर्थ. जपानीत त्याला मोकुग्यो म्हणतात. शब्दाचा अर्थही 'लाकडी मासा' असाच आहे.

त्याची रूपे दोन. एक लांबट, खऱ्या माशासारखे. ते टांगतात आणि टोले देऊन भिक्खूंना भोजनासाठी बोलावतात. चिनी भिक्खू इंगेन यांनी १६६१ साली जपानात उजी येथे स्थापलेल्या मानपुकुजी विहारात भोजनगृहासमोर असा मोठा मासा आहे. दुसरे रूप गोल, पोटात पोकळ. सूत्रपठणाचा ठेका त्यावर धरतात.

गोल मासा घडवणे कष्टाचे. जपानी कारागीर बहुधा कापराच्या झाडाचे लाकूड घेतात. ओंडका गोलसर करून तोंडाची आडवी फट पाडतात. आतले सारे लाकूड त्या अरुंद फटीतूनच, लांब दांड्याच्या वाकड्या पटाशीने काढावे लागते. मग काही वर्षे वाळवण. घाई केली तर तडा जातो आणि नाद फुटतो. त्यानंतर बाहेरचे खवले. शेवटी आतून थोडे थोडे तासून आवाज जुळवतात. पोकळी मोठी, तसा आवाज खर्जातला.

नाशिक रोडच्या वाचकाला याचे काय? आपल्या जवळच्या त्रिरश्मी लेण्यांतील अठराव्या लेण्याचा दर्शनी भाग पाहावा. लाकडी कमानी, वासे, तुळया यांचीच रूपे दगडात उतरली आहेत. दारावरच्या लेखात धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. छिन्नी चालवणाऱ्याचे नाव नाही.

पुढे गावगाड्याने हे हातच जन्माने बांधून टाकले. सुतारकी सुताराची. महाराच्या खांद्यावर लाकूड आले ते सरणाचे. पटाशी हाती आली नाही. जात नुसती कामे वाटत नाही, काम करणारी माणसेही एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले.

म्हणून आपल्या विहारात मासा यायचा असेल तर तो बाजारातून येऊ नये. वस्तीतल्या मुलामुलींनी जाणत्या सुताराशेजारी बसून तो कोरावा. सुरुवात शिवणीच्या फळीवरच्या चपट्या माशाने करावी. पटाशी लाकडाच्या रेषांच्या कलाने चालवावी. उलट गेली की लाकूड उपटते. पहिला मासा बिघडेल, दुसरा कमी बिघडेल. हात कोणत्या जातीचा, हे लाकूड विचारत नाही.

आणि एक पथ्य पाळावे. माशाला हार घालू नये. हार घातला की त्याचा देव होईल. टोला दिला तर तो जागे करील.