कादंबरीचा पहिला प्रवेश

कादंबरीचा आरंभ कसा करावा असे नवोदित लेखकास विचारले, तर तो बहुधा दोहोंपैकी एक वाट दाखवितो: एक तर पहिल्याच पानावर खून किंवा आग घडवून वाचकास वेठीस धरावे, नाही तर जुन्या शिरस्त्याप्रमाणे अरुणोदयाचे वर्णन करून, घराण्याची वंशावळ सांगून, गावाच्या चतुःसीमा आखून सावकाश मूळ मामल्याकडे वळावे. परंतु ज्याची आपणांस ओळखच नाही त्याच्या मरणाने कोणाचे काळीज हलत नाही, आणि वंशावळ संपेपर्यंत वाचक थांबेल याचाही भरवसा नसतो.

या पेचातून टॉलस्टॉयसारखा कसलेला लेखकही सहजी सुटला नव्हता. पीटर बादशहाच्या काळावर कादंबरी रचण्याचा त्याचा इरादा होता. जुनी कागदपत्रे धुंडाळून त्याने तिचे अनेक आरंभ लिहिले आणि एकामागून एक टाकून दिले. १८७३ च्या मार्चमध्ये पुश्किनच्या गद्याचा एक खंड त्याच्या हाती पडला आणि त्यातील एका अपुऱ्या कथेचा आरंभ वाचून तो थक्क झाला. कारण पाहुणे जमू लागले आहेत एवढे सांगून पुश्किन थेट प्रसंगात शिरला होता. टॉलस्टॉयने लागलीच एक दिवाणखाना उभा केला, तेथे ऑपेराहून परतलेली मंडळी जमविली, आणि ‘ॲना कॅरेनिना’चा मसुदा सुरू झाला. मात्र १८७५ साली ती कादंबरी मासिकातून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा आरंभी तो दिवाणखाना नव्हता.

सुखी आणि दुःखी कुटुंबांविषयीचे तिचे पहिले वाक्य जगाने तोंडपाठ केले आहे. माझ्या मते खरी करामत त्याच्या थोडी पुढे, एका कोचावर आहे. ऑब्लॉन्स्की हा सुखवस्तू अंमलदार सकाळी आठच्या सुमारास जागा होतो. मुलांच्या पूर्वीच्या फ्रेंच शिक्षिकेशी असलेले त्याचे प्रकरण पत्नीस कळल्याला आज तिसरा दिवस आहे आणि नोकरचाकरांसह सारे घर विसकटले आहे. पण त्याच्या डोळ्यांपुढे अजून स्वप्नातली मेजवानी आणि तेथील गाणारी काचेची मेजे रेंगाळत आहेत. प्रसन्न चित्ताने तो पाय खाली सोडून पत्नीने वाढदिवसानिमित्त स्वहस्ते भरतकाम करून दिलेल्या सपाता चाचपतो, आणि नऊ वर्षांच्या सवयीने, शय्यागृहात झगा जेथे टांगलेला असावयाचा त्या दिशेस हात लांबवितो. आपण अभ्यासिकेत का झोपलो आहोत, हे तेव्हा त्यास आठवते. वस्तुतः त्याची बदफैली लेखकाने आधीच्या परिच्छेदात सांगून टाकलेलीच असते. पण तेथे ती नुसती खबर होती, आणि येथे, रिकाम्या जागी गेलेल्या त्या हातामुळे, मोडलेला संसार आपणांस दिसू लागतो. शिवाय चिठ्ठी पुढे करून पत्नीने जाब विचारला तेव्हा आपल्या चेहऱ्यावर मूर्खासारखे हसू उमटले, हेच या गृहस्थास अपराधाहून अधिक डाचत असते! अशा माणसाचा रागही धड येत नाही.

नायिकेचा मात्र अद्याप पत्ता नाही. दाढी करणाऱ्या न्हाव्याचा हात क्षणभर थांबवून ऑब्लॉन्स्की एक तार वाचतो, आणि बहीण उद्या येणार म्हणून त्याची मुद्रा उजळते; ॲनाचा कादंबरीतला पहिला प्रवेश तो एवढाच.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) याहूनही कमी भांडवलावर काम भागविले आहे. औंध संस्थानातला कोवळ्या वयाचा मास्तर नेमणुकीच्या गावी पायी निघाला आहे, बस्स. धनगरांचे ते गाव त्यास अपरिचित असल्यामुळे जे त्याच्या नजरेस पडेल तेच वाचकाच्याही पडते, आणि एरवी जे वर्णन कंटाळवाणे झाले असते ते नव्या माणसाची धाकधूक होऊन बसते.

टॉलस्टॉयचा तो दिवाणखाना पुढे वाया गेला नाही. दुसऱ्या भागात, प्रिन्सेस बेट्सीच्या घरी, ऑपेरानंतरची मंडळी कुजबुजताना आढळतात. ज्यांच्याविषयी ती कुजबुज चालते त्या ॲनाला आणि तिच्या प्रेमात पडलेल्या व्रॉन्स्कीला तोवर आपण चांगलेच ओळखू लागलेले असतो.