प्राध्यापकाविरुद्धची तक्रार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोरेगाव पूर्वेतील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेसारखे अभिमत विद्यापीठ असो वा पश्चिमेतील पाटकर-वर्दे यांसारखे महाविद्यालय, अध्यापकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार आल्यास 2013चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची 2015ची नियमावली या दोहोंचे पालन करावे लागते. तरीही असे प्रकरण प्राचार्यांच्या दालनात समज देऊन मिटवता येते, हा समज फार रुजलेला आहे. प्रत्यक्षात चौकशीचा अधिकार अंतर्गत तक्रार समितीचा असतो; तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला अध्यापक असते, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास तीन विद्यार्थी प्रतिनिधी घ्यावे लागतात आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता वा विभागप्रमुख यांना तिचे सदस्य होता येत नाही. समेट तक्रारदाराने मागितला तरच होतो, आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही.

समितीचा अहवाल म्हणजे केवळ सल्ला, हा दुसरा गैरसमज होय. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच असा अहवाल शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानावा, असे स्पष्ट केले.

मात्र या अधिकारासोबत जबाबदारीही येते, आणि नेमकी तीच बाजू दुर्लक्षित राहते. आरोपीला बाजू मांडू देणे म्हणजे त्याला पाठीशी घालणे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध 2009 मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, 2010 मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले आणि उच्च न्यायालयानेही 2012 मध्ये तो निर्णय कायम ठेवला; परंतु समितीने सुनावण्या घाईने उरकल्या, बचावासाठी पुरेसा अवधी दिला नाही आणि एकतर्फी कामकाज केले, म्हणून 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. आरोप खोटे ठरले म्हणून हे घडले नाही. नैसर्गिक न्याय, म्हणजे दोन्ही पक्षांना म्हणणे मांडण्याची खरी संधी देण्याचे तत्त्व, पाळले गेले नाही म्हणून घडले. या घाईची किंमत तक्रारदार विद्यार्थिनींनाही मोजावी लागली, कारण चौदा वर्षांनंतरही त्यांची तक्रार निकालाविना राहिली. काटेकोर कार्यपद्धती हे म्हणूनच तक्रारदाराचेही संरक्षण आहे.

सिद्ध न झालेली तक्रार खोटीच, असेही मानले जाते. कायद्यानुसार केवळ पुरावा देता न आल्याने तक्रारदार दोषी ठरत नाही. त्यासाठी दुष्ट हेतू स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. मार्गदर्शकच आरोपी असल्यास गुणांचे काय, ही विद्यार्थिनीची भीती रास्त आहे. म्हणूनच चौकशीच्या काळात तिच्या कामाचे व परीक्षेचे मूल्यमापन त्याच्याकडून काढून घेण्याची शिफारस समिती करू शकते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते, आणि तक्रारदाराला लिहिणे शक्य नसल्यास ती लिहून घेण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे.