नेम अंधारातला, तयारी उजेडातली

बेंगळुरूचे प्रकाश नंजप्पा यांनी 2014च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलमध्ये कांस्य जिंकले. या दोघांनाही एक चिंता कधी करावी लागली नाही, ती म्हणजे लक्ष्य दिसेल का. बंदिस्त रेंजवर लक्ष्यावर किमान 1500 लक्स प्रकाश असावा, असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियमच आहे आणि तो पुरवणे आयोजकांचे काम.

रात्रीच्या स्पर्धेत मात्र उजेडही खेळाडूनेच न्यायचा असतो. अशा फेऱ्या मुख्यतः अमेरिकेत रुजल्या. तिथे 1996 मध्ये सुरू झालेल्या 'आयडीपीए' या पिस्तूल नेमबाजीत अंधुक प्रकाशातल्या फेऱ्याही असतात.

तयारीची सुरुवात डोळ्यांपासून होते. अंधाराला डोळे पुरते सरावायला सुमारे अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका झगझगाटाने ती कमाई क्षणात जाते. बेंगळुरू विषुववृत्तापासून जेमतेम 13 अंशांवर असल्याने तिथला संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतो. म्हणजे डोळे सरावण्याआधीच काळोख दाटतो. म्हणून सामान लावताना मंद लाल दिवा वापरावा. दिवसा घालायचा रंगीत चष्मा बाजूला ठेवून पारदर्शक काचेचा संरक्षक चष्मा घ्यावा.

दुसरी गोष्ट टॉर्च. नुसते जास्त लुमेन असून भागत नाही. फार प्रखर झोत जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. दारूचा धूर झोतात आला की समोर धुक्याचा पडदा उभा राहतो. शस्त्राला जोडलेल्या टॉर्चच्या काचेवर काजळी धरते, तेव्हा ती फेरीगणिक पुसावी लागते. बॅटऱ्या नव्या घालाव्यात आणि दुसरा टॉर्च खिशात असावा. हातातला टॉर्च सांभाळत मॅगझिन बदलायचा सराव आधी दिवसा, रिकाम्या मॅगझिनवर, प्रशिक्षकासमोर करावा.

माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, अंधारात दिसावी म्हणून काही पिस्तुलांच्या माशीत ट्रिटियमची स्वयंप्रकाशी कुपी बसवतात. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षे असल्याने जुन्या माशीचा प्रकाश निम्म्यावर आलेला असतो. फायबर ऑप्टिकची माशी बाहेरचा उजेड गोळा करून चमकते, त्यामुळे काळोखात ती फारशी कामाची नाही.

उरलेल्या गोष्टी साध्या, पण त्यांवाचून खोळंबा होतो. पिशवीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी, म्हणजे ती चाचपूनही सापडते. मॅगझिनवर चमकती पट्टी चिकटवावी, नाहीतर खाली पडलेले शोधताना वेळ जातो. पाठीवर छोटी प्रकाशकांडी लावली की पंचांना खेळाडू कुठे आहे ते कळते. कानांवरचे संरक्षण इलेक्ट्रॉनिक असेल तर स्फोटाचा आवाज दबतो आणि पंचांची आज्ञा ऐकू येते. इशारे दिसत नाहीत तिथे ऐकण्यावरच भिस्त असते.

आपल्याकडे या वाटेला जायचे तर शस्त्रपरवाना, मान्यताप्राप्त क्लब आणि रेंजची परवानगी यांना पर्याय नाही. आणि सामान कितीही उत्तम जमवले तरी एक नियम त्या सगळ्याच्या वरचा: झोतात जे ओळखता आले नाही, त्यावर चाप ओढायचा नाही.